संगणक विभागास खुले पत्र: दुसऱ्या टप्प्याआधी आमच्या टेबलाशी बसा

प्रति,
संगणक विभागातील सर्व मंडळींस,

विषय: संगणक प्रणाली बदलाचा (विंडोज १० वरून विंडोज ११) दुसरा टप्पा.
संदर्भ: आपली कालची सूचना आणि माझी तीन तक्रार-तिकिटं (तिन्ही ‘निराकरण झाले’ असा शेरा मारून बंद).

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, दुसऱ्या टप्प्याची सूचना काल आली. पहिल्या खेपेला जी यंत्रं मागे राहिली, त्यांची आता पाळी. सूचना वाचली आणि मागच्या वेळची काढून शेजारी ठेवली. मजकूर अक्षरशः तोच. तारीख बदलली आहे. बाकी ‘आपल्या सहकार्याची अपेक्षा आहे’पासून ‘तात्पुरत्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’पर्यंत स्वल्पविरामही हललेला नाही. मधल्या काळात जे घडलं त्यातलं काही तुमच्यापर्यंत पोहोचलंच नाही, असं मी धरून चालतो.

पहिल्या टप्प्याचा तुमचा अहवाल मी पाहिला आहे. प्रत्येक यंत्रापुढे हिरवी खूण. त्यात खोटं काही नाही, यंत्रं खरंच सगळी चालू झाली. पण तुम्ही यंत्रं मोजलीत. त्यांच्यावर होणारी कामं कुणी मोजली नाहीत. माझं म्हणणं एवढंच आहे, पुढचं सगळं त्याचा पुरावा समजा.

हेच तिकीट म्हणून टाकलं असतं तर त्यालाही एक नंबर पडला असता आणि तेही यथावकाश बंद झालं असतं. शिवाय दुसऱ्या कार्यालयांतल्या ओळखीच्यांशी बोलावं तर त्यांची रडकथा हीच निघते. म्हणून उघड लिहितोय.

आधी एक कबूल करतो, म्हणजे तुम्ही बाह्या सरसावणार नाही. प्रणाली बदलायला माझा विरोध नव्हता आणि नाही. ‘बरं चाललंय की, कशाला हात लावता’ म्हणणारे आमच्याकडे आहेत आणि त्यांच्याशी मीच वाद घालत असतो. विंडोज १० ला नेहमीच्या सुरक्षा दुरुस्त्या मिळणं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलं. दुरुस्त्या थांबल्या म्हणून यंत्र बंद पडत नाही, आणि लोकांची गल्लत होते ती इथेच. दुसऱ्या दिवशी सगळं जिथल्या तिथे दिसतं. कुलूप तेच असतं. फरक इतकाच की उद्या कुणी त्याची चोरकिल्ली बनवली, तर नवं कुलूप बसवून द्यायला आता कुणी येणार नाही.

‘वॉनाक्राय’ हा घातक प्रोग्राम काय होता ते तुम्हाला मी सांगायला नको. १२ मे २०१७ ला तो पसरला, फायली कुलूपबंद करून खंडणी मागत सुटला, आणि ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत हजारो रुग्णांच्या ठरलेल्या तपासण्या आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारी दुरुस्ती १४ मार्चलाच आलेली होती, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी. ही गोष्ट सांगताना लोक ‘जुनं विंडोज एक्सपी वापरत बसले म्हणून बुडाले’ असं सांगतात. तसं नव्हतं. लागण झालेली बहुतेक यंत्रं विंडोज ७ ची होती. त्यांना दुरुस्ती मिळत होती, ती बसवायची राहिली होती. का राहिली असेल? मला वाटतं, एकदा अद्ययावत केल्यावर प्रिंटर रुसला, दुसऱ्यांदा बिलाचा प्रोग्राम उघडेना, की तिसऱ्यांदा माणसाचं बोट आपसूक ‘नंतर आठवण करा’वर जातं. आमच्या ज्या आडमुठेपणाची तुम्ही तक्रार करता, त्याला खतपाणी तुम्हीच घातलेलं असतं. वाईट झालेला प्रत्येक बदल पुढच्या बदलाला उशीर करवतो, आणि उशिराची किंमत काय असते ते २०१७ ने दाखवलंच.

आता तारखेचं. विंडोज ११ बाजारात आलं ५ ऑक्टोबर २०२१ ला. विंडोज १० कधी संपणार हे तेव्हा जाहीर झालेलं होतं. म्हणजे चार वर्षं तुम्हाला ठाऊक होतं. आम्हाला कळलं शुक्रवारी, १० ऑक्टोबर २०२५ ला, संध्याकाळी पाच पन्नासला, निम्मं कार्यालय पिशव्या उचलून जिन्यात असताना. सोमवारी याल तेव्हा नवीन प्रणाली तयार असेल, असं त्यात होतं. सोमवारी तारीख १३, आणि मुदत मंगळवारी संपणार. चार वर्षांतला नेमका शेवटचा शनिवार-रविवार तुम्ही गाठलात. एवढा अचूक नेम धरायलाही हिशेब लागतो, मी लेखा विभागातला आहे, मला कळतं.

सोमवारी सकाळी माझ्या पडद्यावर ६१ टक्के होते, शेजारी ६३. आम्ही शर्यत लागल्यासारखे एकमेकांचे आकडे विचारत बसलो होतो. ‘संगणक बंद करू नका’ हे वाक्य मी त्या सकाळी जितक्या वेळा वाचलं तितक्या वेळा स्वतःची सहीसुद्धा केली नसेल. साडेअकराला यंत्र उघडलं.

दिसण्याबद्दल फार कुरकुर करत नाही, सवय होते. पण एक गोष्ट सांगतो, कारण ती मला स्वतःला उशिरा उमगली. १९९५ पासून स्टार्टचं बटण डाव्या खालच्या कोपऱ्यात होतं. कोपऱ्याची गंमत अशी की तिथे नेम धरावा लागत नाही. माउस तिरका ढकलून द्यायचा, तो जाऊन अडतो. डोळे कागदावर, हात कोपऱ्यात. आता ते बटण मधल्या रांगेत आलं, आणि जितके प्रोग्राम उघडावेत तितकं ते डावीकडे सरकतं. म्हणजे सकाळी एका जागी, दुपारी दुसऱ्या. २०१२ मध्ये विंडोज ८ ने ते बटण काढूनच टाकलं होतं आणि वर्षभरात ८.१ मध्ये निमूट परत आणून बसवलं, यावरून लोकांचा हात त्याला किती सरावलेला होता ते कळावं. बरं, टास्कबारच्या सेटिंगमध्ये ‘डावीकडे’ असा पर्याय आहे. अर्ध्या मिनिटाचं काम. मला तो तिसऱ्या आठवड्यात एका शिकाऊ मुलीनं दाखवला. तुम्हाला तो सगळ्या यंत्रांसाठी एकदाच लावून ठेवता आला असता. राइट क्लिकबद्दल बोलतच नाही. मला हवं ते हल्ली कायम ‘आणखी पर्याय दाखवा’च्या आत असतं.

आमच्या टंकलेखकबाईंचं मात्र खरंच अडलं. त्या इनस्क्रिप्टवर, म्हणजे देवनागरीच्या ठरलेल्या कळमांडणीवर, मराठी टाइप करतात, कळांकडे न बघता. नवीन प्रणालीत मराठीचा कीबोर्डच घातलेला नव्हता. मग कुणीतरी फोनेटिक (इंग्रजी अक्षरांच्या उच्चारावरून मराठी उमटवणारा) घालून दिला आणि ‘मराठी आहे की’ म्हणून निघून गेला. आयुष्यभर एका रस्त्यानं चालणाऱ्या माणसाला दुसऱ्या गावात सोडावं तसं झालं. त्यांनी तो पूर्ण दिवस एक परिपत्रक हातानं लिहून काढलं. तुमच्या अहवालात त्यांच्या यंत्रापुढेही हिरवी खूण आहे.

आता स्कॅनरचं. हे जरा सविस्तर सांगतो, कारण सगळं दुखणं यात आहे.

आमच्या व्हरांड्यात ते मोठं यंत्र आहे, प्रिंट, झेरॉक्स, स्कॅन सगळं करणारं. बिल काचेवर ठेवायचं, पॅनेलवर ‘लेखा’ दाबायचं, आणि कोपऱ्यातल्या टेबलावरच्या संगणकातल्या सामायिक फोल्डरमध्ये पीडीएफ येऊन पडायची. सर्व्हर वगैरे काही नाही. कुणीतरी कधीतरी केलेली सोय, आणि तिच्यावर रोजची शे-दीडशे बिलं चालायची. त्या सोमवारपासून पॅनेलवर एकच उत्तर: ‘जोडणी अयशस्वी.’

मी तिकीट काढलं. तुम्ही ते ‘स्कॅनर नादुरुस्त’ या सदरात टाकलंत आणि यंत्र पुरवणाऱ्यांकडे पाठवलंत. त्यांचा माणूस आला, केबल बदलून, एक प्रत काढून दाखवून, सही घेऊन गेला. तिकीट बंद. मी दुसरं काढलं. या वेळी तुम्ही फोल्डर तपासलात. फोल्डर उघडतो, परवानग्या बरोबर आहेत. तिकीट बंद. स्कॅनर बरा, फोल्डर बरा, आणि बिलं पेनड्राइव्हवर. आमच्यातला एकजण दिवसभर व्हरांडा ते टेबल अशा खेपा घालत होता. त्या पेनड्राइव्हवरून काय काय कुठे कुठे गेलं असेल, सुरक्षेच्या नावाखाली केलेल्या या बदलात, ते तुम्हीच ताडा.

तिसऱ्या तिकिटानंतर, म्हणजे बदलापासून अकराव्या दिवशी, तुमच्याकडच्या एक नवीन इंजिनिअर बाई आल्या. त्यांनी काही तपासलं नाही. त्या म्हणाल्या, “एक बिल स्कॅन करून दाखवा, नेहमी करता तसं.” मी केलं. त्या पॅनेलकडे बघत राहिल्या. मग कोपऱ्यातल्या संगणकाशी जाऊन बसल्या, आणि वीस मिनिटांत सांगितलं की बिघाड कशातच नाही. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून फोल्डर वाटून घेण्याच्या एसएमबी व्यवहारात प्रत्येक निरोपावर डिजिटल सही असावी, असा नियमच झाला आहे. आमच्या व्हरांड्यातल्या यंत्राचं फर्मवेअर (त्याच्या पोटातला मूळ प्रोग्राम) जुनं, त्याला ती सही येत नाही. म्हणून संगणक त्याला दारातून परत पाठवतो. नियम चांगला आहे, हे त्यांनीच समजावलं: मध्येच कुणी घुसून निरोप बदलू नये यासाठी तो आहे. मग नियम ढिला करण्याऐवजी त्यांनी यंत्राचं फर्मवेअर अद्ययावत करवून घेतलं, आणि तोवर स्कॅन ई-मेलनं येईल असं लावून दिलं.

त्या बाईंचं नाव इथे घालत नाही, पण दुसऱ्या टप्प्याचं काम त्यांच्याकडे द्या, ही या पत्रातली पहिली मागणी समजा. त्यांना तुमच्यापेक्षा जास्त येतं अशातला भाग नाही. एसएमबीचा तो नियम तुमच्या सगळ्या खोलीला माहीत असणार. पण त्या एकट्या म्हणाल्या, करून दाखवा.

जाता जाता: विंडोज ११ वर गेल्यावर नको वाटलं तर मागे फिरायला साधारण दहा दिवस मिळतात, जुनी प्रणाली तोवर एका फोल्डरमध्ये बाजूला ठेवलेली असते. आमचा तिढा सुटला अकराव्या दिवशी.

एवढं वाचून तुम्ही म्हणाल, बोलणं सोपं आहे, स्वतः करून बघा. केलं. घरचा संगणक विभाग मीच आहे, आणि तिथली माझी कामगिरी तुमच्याहून उजळ नाही.

बाबांचा डेस्कटॉप २०१३ चा. विंडोज ११ ला निदान आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर किंवा त्याच सुमाराचा एएमडी, टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय) आणि सिक्युअर बूट (यंत्र सुरू होताना प्रणाली खरी आहे ना ते तपासणारी सोय) लागतं. बाबांच्या यंत्राला यातलं काहीच जमणार नव्हतं. मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली घालायचं ठरवलं. निर्णय चुकला असं मला आजही वाटत नाही. चुकलं ते पुढचं. रविवारी दुपारी ते झोपलेले असताना मी बसवून टाकलं. फायलींची नक्कल बाहेरच्या हार्डडिस्कवर घेतली, तपासली, परत आणून ठेवली. फार नीट केलं. चार वाजता ते उठून बसले आणि पडद्याकडे बघत म्हणाले, “हे कुणाचं आहे?”

“तुमचंच आहे, बाबा. फक्त नवीन घातलंय.”

“आणि पत्ते?”

पत्ते म्हणजे सॉलिटेअर. ते मी नंतर घालून दिलं. खरा घोळ पत्रांचा झाला. सोसायटीला, बँकेला, जुन्या मित्रांना लिहिलेली बाबांची सगळी पत्रं वर्डमध्ये, ‘पत्र शेवटचे नवीन २’ अशा नावांनी. वर्डच्या जागी आलेल्या लिबरऑफिसमध्ये ती उघडत होती. पण ज्या फॉन्टमध्ये ती लिहिली होती तो फॉन्ट या यंत्रावर नव्हता, त्यामुळे त्याच्या जागी दुसरा आला, अक्षरं किंचित रुंद झाली, आणि एका पानाचं प्रत्येक पत्र दीड ओळीनं दुसऱ्या पानावर सांडलं. बाबा छापलेली दोन पानं हातात धरून म्हणाले, “सही एकटी पडली की रे.”

त्यानंतर आठ दिवस ते संगणकाला शिवले नाहीत. मी विचारलं की म्हणायचे, “चालेल की, चांगलंय.” तुमच्याकडे आलेल्या अभिप्रायाच्या अर्जांवरही आमच्यापैकी बऱ्याच जणांनी असंच लिहिलं असणार. नवव्या दिवशी मी त्यांच्या शेजारी स्टूल टाकून बसलो आणि म्हणालो, एक पत्र लिहा, नेहमी लिहिता तसं. तेव्हा कळलं की ते नवीन पत्र कधी सुरूच करत नाहीत. जुनं उघडतात, मजकूर बदलतात आणि दुसऱ्या नावानं ठेवतात. म्हणून फॉन्ट त्यांच्यासाठी बारीकसारीक बाब नव्हतीच, प्रत्येक पत्र त्यातूनच जन्मत होतं. फॉन्ट घातला, समास जुळवले, सही पहिल्या पानावर आली. हे मी त्या रविवारी दुपारी, ते जागे झाल्यावर, पाच मिनिटांत विचारू शकलो असतो.

बहिणीच्या लॅपटॉपवर तर मी त्याहून मोठा पराक्रम केला. तिचं यंत्र विंडोज ११ ला पात्र होतं. सगळं पुसून नव्यानं बसवलं, घाईघाईत मायक्रोसॉफ्टचं एक खातं उघडून दिलं, झालं. नव्यानं बसवताना बऱ्याच यंत्रांवर डिस्कचं एन्क्रिप्शन, म्हणजे मजकुराला कुलूप, हल्ली आपोआप चालू होतं. मला ते माहीत होतं, म्हणजे वाचलेलं होतं. काही महिन्यांनी बायॉस (यंत्र सुरू करणारा मूळ प्रोग्राम) अद्ययावत झालं आणि पुढच्या खेपेला यंत्रानं उघडण्याऐवजी रिकव्हरी की मागितली: ४८ आकडे, सहा-सहाच्या आठ गटांत. बहिणीचा फोन आला. ती म्हणाली, “दादा, हे कुठले आकडे मागतंय?” ती की त्या खात्यात साठवलेली असते. खातं कुठल्या ई-मेलवर उघडलं होतं ते तिला माहीत नव्हतं, कारण ते तिनं उघडलंच नव्हतं. तीन तास माझ्या तीन जुन्या पत्त्यांचे पासवर्ड शोधण्यात गेले. आकडे सापडले म्हणून हे हसत लिहितोय. नसते सापडले तर तिच्या मुलीचे पहिल्या पाच वर्षांचे फोटो त्या डिस्कमध्ये कायमचे राहिले असते. आता ते ४८ आकडे कागदावर छापून तिच्या कपाटात आहेत. कार्यालयात या किल्ल्या तुमच्याकडे जमा होतात हे मला माहीत आहे. पण जे सहकारी घरच्या लॅपटॉपवर काम नेतात, त्यांना कुणी हे सांगितलंय?

बॅकअपचं मी कुणाला फारसं सांगत नाही, सगळे मान डोलावतात आणि कुणी घेत नाही. एवढंच आठवण म्हणून: २ ऑक्टोबर २०१८ ला आलेलं विंडोज १० चं मोठं अपडेट काही दिवसांतच मागे घ्यावं लागलं होतं, कारण काही जणांच्या डॉक्युमेंट्स फोल्डरातल्या फायलीच त्यानं पुसल्या. फोल्डरची मूळ जागा बदलून दुसरीकडे नेलेली होती अशांच्या बाबतीत ते झालं. म्हणजे ज्यांनी थोडं डोकं चालवून नीटनेटकं ठेवलं होतं, तेच नेमके सापडले.

आता तुमच्या यंत्रांच्या यादीतल्या एका रकान्याबद्दल: ‘अपात्र, निर्लेखन प्रस्तावित.’ साध्या भाषेत भंगार. मी ती यंत्रं पाहिली आहेत. बरीचशी सातव्या पिढीच्या प्रोसेसरची, एसएसडी ही वेगवान डिस्क घातलेली, अठरा सेकंदांत उघडणारी. त्यांचा दोष एवढाच की रेघ आठव्या पिढीपासून ओढली गेली. ती नियमबाह्य युक्त्या करून विंडोज ११ वर न्या असं मी म्हणत नाही, घरी हौस म्हणून ठीक, कार्यालयात नको. पण काही यंत्रांपुढे कारण म्हणून ‘टीपीएम नाही’ लिहिलंय, तिथे मला शंका आहे. अलीकडच्या कितीतरी यंत्रांत टीपीएम वेगळ्या चिपच्या रूपात नसतं, प्रोसेसरच्या फर्मवेअरमध्ये असतं आणि बायॉसमध्ये बंद ठेवलेलं असतं. इंटेलकडे त्याला पीटीटी म्हणतात, एएमडीकडे एफटीपीएम. भंगाराच्या कागदावर सही होण्याआधी प्रत्येक यंत्राचं बायॉस एकदा उघडून बघितलंय का, एवढंच विचारतो. २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन इलेक्ट्रॉनिक कचरा झाला, असं संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात आहे. त्यात आपली भर चुकीच्या टिकमार्कमुळे पडू नये.

जी यंत्रं खरोखरच बसत नाहीत, त्यांच्यासाठी विकतच्या वाढीव दुरुस्त्यांचा रस्ता संस्थांना तीन वर्षं खुला आहे, पण त्याचं मोल दरवर्षी दुप्पट होतं. ते भाड्यानं घेतलेले दिवस आहेत. वाचनालयातली आणि आवक कक्षातली यंत्रं फक्त ब्राउझर उघडण्यापुरती वापरतात. तिथे लिनक्स घाला, कुणाला पत्ता लागणार नाही. मात्र ‘मग सगळंच लिनक्सवर न्या’ असं जे दोघे-तिघे बैठकीत म्हणाले, त्यांनी म्युनिक शहराची गोष्ट जरूर वाचावी. तिथल्या महापालिकेनं दहा वर्षं खपून २०१३ पर्यंत सुमारे १५,००० यंत्रं लिनक्सवर नेली आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे वळायचं ठरवलं. राजकारण त्यात होतंच, पण कर्मचाऱ्यांच्या रोजच्या अडचणींचाही पाढा होता. बाबांच्या पत्रातली एकटी पडलेली सही मी त्या १५,००० टेबलांवर कल्पून बघतो.

तर दुसऱ्या टप्प्यासाठी काय हवं ते मांडतो. तीन आठवडे आधी सांगा, आणि सूचनेत ‘प्रणाली अद्ययावत होत आहे’ एवढंच न लिहिता का, कशी, आणि अडल्यास कुणाला हाक मारायची ते लिहा. महिनाअखेर टाळा. आमच्याकडे महिन्याचे शेवटचे तीन दिवस कुणी खुर्चीही सरकवत नाही. प्रत्येक विभागातलं एक यंत्र आधी बदला, सगळी एकदम नकोत. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल एकाच वेळी सगळीकडे गेली आणि ८५ लाख विंडोज यंत्रं निळ्या पडद्यावर अडकली, ते पाहूनही एकदम करण्याचा मोह तुम्हाला कसा होतो कळत नाही. पहिल्या यंत्रासाठी विभागातला हुशार माणूस निवडू नका, जो सर्वात जास्त जुन्या सोयींवर चालतो तो निवडा. हुशार माणूस मार्ग काढतो आणि तुम्हाला काही कळत नाही. आणि पहिले दोन दिवस तुमच्यापैकी एकजण आमच्या मजल्यावर बसू द्या. खुर्ची मी देतो.

प्रत्येक टेबलावर जाऊन विचारायचा प्रश्न एकच आहे, तो मी वर दोनदा लिहिला आहे.

शेवटी, तुमच्या यादीत नसलेल्या एका यंत्राबद्दल. हे लिहावं की नाही यावर बरेच दिवस घालवले. तळमजल्यावर अभिलेख कक्षात, खिडकीखाली, एक काळी पेटी आहे. त्यावर ३२-बिट विंडोज १० आहे, आणि त्यावर आवक-जावक नोंदीचा जुना डॉसमधला प्रोग्राम चालतो. विंडोज ११ फक्त ६४-बिट येतं आणि त्यावर असे १६-बिट प्रोग्राम उघडतच नाहीत, म्हणून पहिल्या टप्प्याच्या आधीच्या शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता मी खाली जाऊन त्या यंत्राची नेटवर्कची वायर काढली आणि ते कपाटाआड सरकवलं. म्हणून तुमच्या तपासणीत ते दिसलं नाही. चूक माझी आहे. तुम्ही विचारलं नाहीत आणि मी सांगितलं नाही.

तो प्रोग्राम डॉसबॉक्समध्ये (जुने डॉस प्रोग्राम नव्या यंत्रावर चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) चालतो का हे मी घरी नक्कल नेऊन बघितलं. उघडतो, नोंद होते, फक्त प्रिंट निघत नाही. पुढचं माझ्या आवाक्याबाहेर आहे. नोंदी बऱ्याच वर्षांच्या आहेत आणि दुसरी प्रत त्या घरच्या नकलेशिवाय कुठेही नाही. यादीत त्याची ओळ घाला, आणि कुणीतरी येऊन बघा. किल्ली आवक कक्षात मिळेल. सकाळी अकरानंतर या, त्याआधी टपालाची नोंद चाललेली असते.

कळावे, लोभ असावा.

आपला,
लेखा विभाग, खिडकीशेजारचं टेबल